गाडीचं फडकं

"चालती गाडी उघडायची, आन् मग मिस्तरीच्या तोंडाकडं बघत बसायचं. व्हय की न्हाई गं चन्नी? तुझ्या दोड्डव्वाला गाडीतलं लई कळतंय. इंजनेर हाय ती."

माझी सासू हे चन्नीला सांगत होती. चन्नी तिच्या पसरलेल्या पायांवर उताणी पडून अंगात तेल जिरवून घेत होती. वय महिने अकरा. दोड्डव्वा म्हणजे मी, तिच्या बापाच्या थोरल्या भावाची बायको, आणि मी हातभर अंतरावर परातीत पीठ मळत बसले होते. पण आमच्या घरात मला सुनवायचं ते हल्ली चन्नीच्या नावानं पाठवतात. पोस्टमन एवढा लहान असला की पत्रं उघडीच हातात पडतात.

"चन्नी," मी म्हटलं, "तुझ्या आज्जीला सांग, फिल्टर बदलल्याबिगर तू गाडीत बसणार न्हाईस म्हणून."

"मग एष्टीनं जावा की."

"तिच्या बापाला विचारा. त्याला लेक त्याच्याच गाडीतनं न्यायची हाय."

अव्वानं तेलाची वाटी जवळ ओढली. सासूला आम्ही सगळे अव्वाच म्हणतो. चन्नीच्या बापाला, तिप्पण्णाला, लेक गाडीतूनच का न्यायची होती, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चन्नीचं जावळ होतं. ते मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून तिला आजोळी न्यायची होती, अक्कलकोटच्या पलीकडं. या रस्त्यानं ती जन्मल्यापासून पहिल्यांदाच जाणार होती. जन्मली मात्र त्याच रस्त्यावर.

वळसंगच्या अलीकडं माळाची एक पाठ आहे. दोन्ही अंगांनी चढ, आणि वर एक बाभूळ. आमची डिझेलची पिकअप आली काय, गेली काय, त्या बाभळीजवळ बंद पडायची. सपाटीला काही नाही. सोलापुरात दिवसभर चादरींचे गठ्ठे वाहिले तरी खोकली नाही कधी. पण दर मंगळवारी माल भरून अक्कलकोटला निघाली की बाभळीपाशी दोन आचके देऊन उभी. पाव तास तशीच ठेवायची, हातपंप मारायचा, की पुन्हा सुरू. रस्त्याचे लोकही ओळखायला लागले होते. बाभळीला कुणीकुणी हिरव्या बांगड्या बांधल्या होत्या, बुंध्याशी लिंबं. वळसंगचा एक म्हातारा येता-जाता हात जोडायचा म्हणे. त्याची ना ओळख ना पाळख.

"ती थांबवती," अव्वा म्हणायची. ती म्हणजे कोण, हे आमच्या घरात सांगावं लागत नव्हतं. निंगव्वा. तिप्पण्णाची बायको, माझी धाकटी जाऊ. तिचं नाव कुणी घेत नव्हतं आणि जे झालं त्याचंही नाव कुणी घेत नव्हतं. 'त्या दिवशी गाडी थांबली' एवढंच म्हणायचं. जणू त्या दिवशी गाडी सोडून दुसरं काही थांबलंच नाही.

मंगळवारी तिप्पण्णा निघताना मंडईतून गजरा घ्यायचा. परत येताना तो नसायचा. विचारायचं कुणी नाही.

परवा मी चुलीपुढं असताना तो अव्वाला हळू आवाजात सांगत होता. त्याला वाटलं, भाकरीच्या थापटण्यात मला ऐकू येणार नाही. मी थापटणं चालूच ठेवलं आणि ऐकलं.

"बुधवारी चन्नीला घेऊन जातो, अव्वा. ती गाडी थांबवल. लेकीला बघल पोटभर. मग सोडल."

भाकरी मोडली. अकरा महिन्यांत पहिली.

मी त्याला दहा वर्षांचा असल्यापासून वाढवलाय. लग्न होऊन आले तेव्हा माझं वय अठरा, त्याच्या नाकाला शेंबूड. त्यानं माझा शब्द कधी मोडला नाही. म्हणून मी त्या रात्री पानावरच सांगून टाकलं: नवा फिल्टर घातल्याबिगर पोरगी त्या गाडीत बसणार न्हाई. त्यानं ताटातला हात तसाच ठेवला. "वैनी, गाडीला काय बी झालेलं न्हाई. ती जागाच तशी हाय." मी म्हटलं, "असू दे जागा तशी. फिल्टर नवा पायजे." माझ्या नवऱ्यानं, सिद्रामप्पानं, दुसऱ्या दिवशी दुकानातून दोन्ही फिल्टर आणून दिले आणि मिलच्या पाळीला निघून गेला. बोलणं वाढायच्या आत पाळीला जायची त्याची हातोटी आहे.

फिल्टरची वाटी उघडली की आत काय निघणार, हे मला ठाऊक होतं. तरी मीच उघडायला लावत होते. त्या पोरीला घेऊन त्या बाभळीखाली गाडी उभी राहणार आणि तिचा बाप बाभळीशी बोलणार. ते होऊ द्यायचं नसेल तर दुसरा रस्ता नव्हता. आणि वाटी उघडल्यावर, मला जे ठाऊक आहे ते तिप्पण्णाला कळलं तर तो चन्नीला जावळानंतर आजोळीच ठेवून येईल, याचीही मला भीती होती. भीती दोन्हीकडून होती, तेव्हा पोरीच्या बाजूची निवडली.

दहाच्या सुमाराला दस्तगीर मिस्तरी सायकलवरून आला. पान्यांची पिशवी हँडलला. बॉनेट उघडून त्यानं आत डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, "तिप्पण्णा, कित्ते साल हुए खोल के?"

"साल न्हाई झालं अजून."

"साल नै हुआ बोलता," दस्तगीर इंजिनला म्हणाला. आमच्या दारी आलेला माणूस लगेच आमच्यासारखा होतो, तिऱ्हाइतामार्फत बोलतो.

फिल्टर म्हणजे इंजिनच्या कुशीला शेजारी शेजारी लटकवलेल्या दोन लोखंडी वाट्या. टाकीतलं डिझेल आधी एकीत शिरतं, तिच्यात जाड लोकरी फडकं असतं, कपडा फिल्टर म्हणतात. तिथं मोठा गाळ अडतो. मग दुसरीत, तिच्यात कागदाचा. तिथं बारीक कचरा राहतो, आणि निवळ डिझेल पुढं जातं. कागदाचा बदलायचा असतो. कपड्याचा धुऊन पुन्हा घालतात. डिझेलमध्येच धुवायचा, पाण्यात नाही. तो तुंबला तर सपाटीला डिझेल पुरतं, चढाला पुरत नाही. हे मला आता ठाऊक आहे.

दस्तगीरनं टाकीचा कॉक बंद केला, खाली पत्र्याचं घमेलं धरलं, आणि आधी कागदाची वाटी सोडली. काळा, पण सरळसाधा फिल्टर निघाला. मग कपड्याची. बोल्ट फिरवता फिरवता तो पुटपुटत होता. वाटी हातात आली. त्यानं ती तिरकी केली, डिझेल ओतलं, आणि आतलं फडकं बोटानं ओढलं.

ते आलं नाही. वाटीला चिकटलं होतं.

"ये क्या चिकी हुई है रे?" त्यानं जोर करून ओढलं तेव्हा ते एका बाजूनं चामड्यासारखं कडक आणि दुसऱ्या बाजूनं बुळबुळीत निघालं. घड्यांमध्ये पिवळट पांढरा लगदा. त्यानं तो चिमटीत चोळला. वास घेतला. मग हसलाच. "भाबी! ये तो खळ है! साडीकू देते वो खळ! मेरी उमर गई गाड्यां खोलने में, गाडीकू खळ दिए सो आज देख्या. इस्त्री बी मारते क्या तुम लोगां?"

कुणी हसलं नाही. अव्वाचा हात चन्नीच्या पाठीवर थांबला. चन्नीनं मान वळवून आज्जीकडं पाहिलं.

"डिझेलमधी पाणी आसंल," तिप्पण्णा म्हणाला.

"पानी से ऐसा नै होता रे."

"आसंल म्हणतो न्हवं."

दस्तगीरनं आम्हा तिघांकडं एकेकदा पाहिलं. पन्नास घरच्या गाड्या उघडलेला माणूस तो. पिशवीत खालून पाना शोधत बसला, तो वरतीच होता.

आमच्या माहेरी हातमागाच्या इरकली साड्यांचा धंदा. सुताला खळ, साडीला खळ. चुलीवर भाताआधी खळीचं भांडं चढायचं. लग्न होऊन इथं आले तशी मी ती शिस्त बरोबर घेऊन आले, दुसरं आणण्यासारखं फार नव्हतं. निंगव्वा शेतावरच्या घरातून आलेली. तिनं धुतलेलं धोतर असं वाळायचं जसं कुणी रडून टाकलंय. मी तिला चिडवायची. "निंगे, ह्या घरात पायपुसण्याला बी खळ लागती." ती हसायची. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. हसताना ती त्यावर पदर धरायची.

आणि तिनं ते मनावर घेतलं. उशांचे अभ्रे उभे राहायला लागले. सिद्रामप्पाचे रुमाल नाक पुसताना खरचटायचे. सातवा महिना लागून ती माहेरी जायची, त्याच्या आदल्या आठवड्यात तिप्पण्णानं गाडीतलं फडकं काढून दुसरं घातलं आणि मळकं न्हाणीत टाकलं, "हे जरा धुवून ठेव" म्हणून. त्यानंही डिझेलमध्ये म्हणून सांगितलं नाही. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला गेले, तर माझ्या लुगड्याशेजारी ते फडकं, पापडासारखं ताठ. गाडीच्या फडक्याला साबण, रिठा आणि खळ! मी दोरीला धरून हसले. अव्वाला दाखवलं. ती म्हणाली, "आता गाडी परीटघडीची चालंल." आम्ही दोघी डोळे पुसेपर्यंत हसलो. निंगीला बोललो नाही, बिचारी दोन दिवसांत माहेरी जायची होती. तिप्पण्णाला सांगून त्याची गंमत करायची, असं ठरवून मी ते फडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं.

मग विसरले.

फाल्गुनात निरोप आला, कळा सुरू झाल्यात, सुईण म्हणते सोलापूरच्या दवाखान्यात न्या. तिप्पण्णा निघायच्या आधी गाडी झाडून, पुसून, आरसा चमकवून बसला. बायकोला आणायची म्हणून त्यानं फळीवरचं स्वच्छ फडकंही काढून घातलं. मी आत गाद्या गुंडाळत होते. पुडी सोडल्याचा कागदाचा आवाज मी ऐकला. तो कसला, हे मला चढावर कळलं.

तिनं खळ दिली, मी ठेवलं, त्यानं बसवलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात खळ शिजली नाही. अव्वा, जिला मऊ पदर म्हणजे आजाऱ्याचा पदर वाटायचा, ती अकरा महिने पोतेऱ्यासारखी लुगडी नेसतेय आणि अक्षर बोलत नाही. तिनंही ते दोरीवर पाहिलं होतं की. एखाद्या घरात माणसं किती गप्प आहेत हे कपड्यांवरूनही कळतं.

"तिप्पण्णा, पंप मार," दस्तगीर म्हणाला.

नवीन फडकं, नवा कागद, नवी रबराची वायसरं बसली होती. आता आतली हवा काढायची. वाटीवरचा बारका स्क्रू ढिला करायचा आणि बाजूचा हातपंप मारत राहायचं. आधी बुडबुडे येतात, मग बुडबुडे संपून नुसती डिझेलची धार आली की स्क्रू आवळायचा. तिप्पण्णा वाकला आणि पंप मारायला लागला.

चक्. चक्. चक्.

तो आवाज मी अकरा महिन्यांनी ऐकत होते. मी परात तशीच सोडून आत गेले आणि धान्याच्या कोठीला टेकून उभी राहिले. भिंतीतूनही यायचा तो येतच होता.

त्या दिवशी जाताना गाडी चढली होती. परत येताना, दुपारी, उन्हात, बाभळीच्या सावलीला गाडी. मागं गाद्यांवर निंगी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पुढं तिप्पण्णा. त्यानं वाटी उघडली, पुन्हा लावली, आणि उघडल्यामुळं आत हवा शिरली. त्याला स्क्रू सापडेना. चक् चक् चक्. बुडबुडे संपेनात. दीड तास. रस्त्यावर एक बैलगाडी तेवढी गेली. चन्नी झाली, रडली. मी माझ्या पदरात गुंडाळली. मग गादी ओली व्हायला लागली आणि थांबेना. निंगी शेवटपर्यंत दोनच शब्द म्हणत होती. ते दोन शब्द मी कुणाला सांगितले नाहीत, तिच्या आईलाही नाहीत. गाडी सुरू झाली तेव्हा ती म्हणायची थांबली होती.

"आयी धार!" बाहेर दस्तगीर ओरडला. "टाइट कर. मार सेल्फ."

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. असा स्वच्छ आवाज मी त्या गाडीचा वर्षभरात ऐकला नव्हता. दस्तगीरनं जुनं फडकं उचलून उकिरड्याकडं हात केला, तसा तिप्पण्णा पुढं झाला. "टाकू नगा ते." त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, पिळलं, आणि सीटखाली ठेवलं. दस्तगीरनं चहा अर्धाच घेतला आणि जाताना मला म्हणाला, "भाबी, गाडी अब कहीं नै रुकती." हे सांगताना तो तिप्पण्णाकडं बघत नव्हता.

जेवणं झाल्यावर आम्ही निघालो. अव्वाचे गुडघे धरलेले, ती राहिली. चन्नीच्या गालाला काजळाचं बोट लावून तिनं माझ्या हातात पुडी दिली: एक लिंबू, दोन हिरव्या बांगड्या. "तितं ठेव," म्हणाली. या वेळी चन्नीमार्फत नाही, थेट मला.

पुढच्या सीटवर तो आणि मी, माझ्या मांडीवर चन्नी. बाजूच्या काचेवर चन्नीनं लगेच लाळेचे पंजे उमटवले. कुंभारी मागं पडली. माळावर ज्वारी काढलेली, नुसती धसकटं. तिप्पण्णानं गजरा घेतला होता, तो समोर ठेवलेला, वाऱ्यानं एकेक कळी सुटत होती. चन्नी सगळ्यांच्या वाटचं बोलत होती.

माळाची पाठ दिसायला लागली आणि मी पाहिलं, तो गाडी हळू करतोय. अजून चढ लागलाही नव्हता. त्यानं एका हातानं विस्कटलेले केस सारखे केले. मग सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मला कळेना कुठं बघावं.

चढ लागला. इंजिनचा आवाज जड झाला. बाभूळ दिसली, तिच्यावरच्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. त्यानं गिअर बदलला, आणि ओठ हलवले. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. चन्नीला त्यानं डाव्या हातानं जरा उचलून काचेशी धरलं, बाहेरच्यांना दिसेल अशी.

गाडी चढत राहिली. एक आचका नाही. बाभूळ आमच्या बाजूला आली, बाजूनं सरकली, मागं गेली. एवढंच. पाठ ओलांडून गाडी पलीकडच्या उताराला लागली, तशी आणखी हलकी झाली आणि पळायला लागली. माझ्या मांडीवर पुडी तशीच होती.

फर्लांगभर पुढं जाऊन त्यानं ब्रेक लावला. इंजिन चालूच ठेवलं. ते थांबायचं नावच घेत नव्हतं, धडधडत होतं, धडधडत होतं.

"थांबली न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

त्यानं आरशात पाहिलं. आरशात बाभूळ होती, तीही अर्धीच, वरचा शेंडा. मी चन्नीला पोटाशी घट्ट धरलं, कारण आता मी जे बोलणार होते त्यानंतर तिला असं धरायला मिळेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"तिप्पण्णा, त्या फडक्याला खळ..."

"ठाऊक हाय."

"मी बघितली व्हती दोरीवर. हसले. पुडी बांधून मीच ठेवली."

"ते बी ठाऊक हाय वैनी. वाटी उघडली तवाच बोटाला लागली. खळीचा वास काय मला कळत न्हाई व्हय? तुमच्या हातचा वास हाय तो, ल्हानपणापास्नंचा." त्यानं हात स्टिअरिंगवरून काढला, पाहिला, पुन्हा ठेवला. "फडकं पुन्यांदा डिझेलमधी धुतलं आसतं तर सुटली आसती खळ. धुतलं न्हाई. दर मंगळवारी वाटायचं, आज धुवू. मग वाटायचं, धुतलं तर ती पुन्हा थांबवायची न्हाई."

"बोलला का न्हाईस रे?"

"काय बोलू? तुमी चन्नीला पाजत व्हता वाटीनं, रात-रात. अव्वा म्हणायची, ती थांबवती. मलाबी बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला थांबवतंय."

चन्नीनं गजऱ्याकडं हात केला. त्यानं तो तिच्या हातात दिला. तिनं लगेच तोंडात घातला, आणि मी काढून घेईपर्यंत दोन कळ्या गिळल्याही असतील. तो तिच्याकडं बघत राहिला. तिचे खालचे दोन दात नुकते वर आले होते, एक जरासा दुसऱ्यावर चढलेला.

"तुमी मागं व्हता," तो म्हणाला. "पण मला पुढं ऐकू येत व्हतं. सगळं. पंप मारताना बी ऐकू येत व्हतं."

मी मान हलवली. मला वाटलं होतं ते दोन शब्द माझ्या एकटीजवळ आहेत.

त्यानं सीटखाली हात घालून ते फडकं बाहेर काढलं, काच खाली केली, आणि टाकलं नाही, नुसतं बाहेर धरून ठेवलं. डिझेल ठिबकत होतं रस्त्यावर.

"वैनी," तिप्पण्णा म्हणाला, "तिनं गाडी कधीच थांबवली न्हाई. ती 'चला की' म्हणत व्हती. आपल्या तिघांच्या फडक्यानं गाडी थांबली, आन् माझी निंगी मेली."